बगीच्याला महोत्सव नको, मंडई हवी

दिवाळी तोंडावर आली की नागपुरात एक मागणी पुन्हा डोकं वर काढते. संत्र्याच्या नावानं शहरात मोठा महोत्सव भरवा. तीन-चार दिवस, मोठं मैदान, मोठा मंच, आणि एखाद्या सकाळी पाहुण्यांना बसमध्ये बसवून काटोलकडच्या बगीच्यातून फिरवून आणा. २०१७ च्या डिसेंबरात जागतिक संत्रा महोत्सव या शहरानं पाहिलेलाच आहे. संत्र्याचं नाव व्हावं, बाहेरचे व्यापारी यावेत, हा हेतू चांगलाच आहे. अडचण येते ती शेतावर माणसं नेताना. मैदानावरच्या मंचाची तारीख तीन-चार महिने आधी ठरते. बगीच्याची तारीख परतीचा पाऊस, रात्रीची थंडी आणि जमिनीतली ओल ठरवतात. या दोन तारखा जुळल्याच तर तो योगायोग.

हंगामात नागपूरच्या आसपासची शेतं पाहायला लोकांनी यावं, भरपूर यावं. पण त्याचा साचा महोत्सवाचा नसावा, मंडईचा असावा. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, सुगीच्या दिवसांतली गावची जत्रा. आज या गावची, उद्या शेजारच्या, परवा त्याच्या पलीकडच्या. प्रत्येक गाव आपला दिवस धरतं, म्हणून सोयऱ्यांना सगळीकडे जाता येतं आणि कुठल्याच एका गावावर पाहुण्यांचा सगळा भार पडत नाही. पिकाच्या हंगामाला माणसांची गर्दी कशी जोडायची, याचं उत्तर या मुलखानं कधीच शोधून ठेवलेलं आहे. ते सोडून आपण दुसरीकडचे नमुने का आणावेत?

नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत, आणि पिकांच्या अंगानं पाहिलं तर ते तीन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर. तिथे संत्रा, मोसंबी आणि कापूस. पूर्वेला रामटेक, मौदा, पारशिवनी. तिथे पेंचच्या पाण्यावरचं धान. दक्षिणेला उमरेड, कुही, भिवापूर. तिकडे सोयाबीन, तूर, कापूस आणि ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं ती भिवापुरी मिरची. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं. मग हलकं, म्हणजे लवकर येणारं धान, पाठोपाठ उशिरा येणारं भारी धान. कापसाचा पहिला वेचा साधारण दसरा-दिवाळीच्या मधे. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात तोडायला येतात. डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरतात आणि घराघरांत सोलेभात शिजतो. त्यानंतर भिवापूरकडची मिरची लाल होऊन सातऱ्यावर, म्हणजे वाळवायच्या आणि देठ खुडायच्या जागेवर येते. फेब्रुवारी-मार्चात पुन्हा संत्री, यावेळी पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या मृग बहाराची. एवढा पाच-सहा महिन्यांचा हंगाम आपण तीन दिवसांत कोंबू पाहतो.

संत्र्याचंच उदाहरण नीट पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

संत्र्याच्या झाडाला आपल्याला हवा तेव्हा फुलोरा येत नाही. तो ताण देऊन आणावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास झाडाचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत वेळ लागतो. पानं मलूल पडून थोडी गळू लागली की बागाईतदार ओळखतो, ताण पुरेसा बसला. मग खतं देऊन आधी हलकं पाणी, पुढे भरपूर. जानेवारी-फेब्रुवारीत फूल लागतं आणि त्याचं फळ पुढच्या नोव्हेंबरात हाती येतं. आता २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत पाहुणे येतील म्हणून फळं झाडावर राखून ठेवली तर काय होतं? साल आतल्या फोडींपासून सुटते, फळ पोकळ आणि फोफसं होतं, चव उतरते. पण तेवढ्यावर भागत नाही. फळांचं ओझं अंगावर असलेलं झाड नीट ताणावर सोडता येत नाही आणि पुढच्या बहाराचं फूल घटतं. दोन दिवसांच्या तिकिटांसाठी पुढच्या सबंध वर्षाच्या पिकाला हात लागतो.

उलट बाजूनं दसऱ्याच्या सुट्टीत बगीचा उघडला तरी घोटाळाच. संत्रं तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखी त्याची आढी लावून गोडी वाढत नाही. झाडावर जेवढी गोडी भरली तेवढीच. सालीचा रंगही रात्री गार पडू लागल्यावर येतो. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबर हे फळगळीचे दिवस. रस शोषणारे पतंग अंधार पडल्यावर फळाला टोचतात, तिथून सड शिरते आणि सकाळी झाडाखाली फळांचा सडा दिसतो. अशा वेळी बागाईतदार संध्याकाळी धूर करतो, गळलेली फळं रोज गोळा करून खड्ड्यात पुरतो, फवारणीच्या मागे असतो. त्या पंधरवड्यात त्याच्याकडे पाहुणे पाठवणं म्हणजे आजारी माणसाच्या घरी पंगत बसवणं.

म्हणजे काटोल-नरखेडच्या आंबियाच्या बगीच्यात पाहुण्यांचा काळ तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू होतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतो. तेवढे पाच-सहा आठवडे. त्यातही प्रत्येक बगीच्याचे आठ-दहा दिवसच खरे कामाचे. ज्याची जमीन हलकी त्याचा आधी, ज्याची भारी त्याचा मागाहून. वेळापत्रक आपोआपच मंडईसारखं पडतं. आपण फक्त ते मोडू नये.

आता तोडणी. पाहुणा येतो तोच मुळी स्वतःच्या हातानं फळ तोडायला, म्हणून तोडणी शिकवणं हा या भेटीचा गाभा आहे. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होत नाही. लोक झाडाखाली फोटो काढतात, हाताला येईल ते फळ हिसकतात आणि घरी गेल्यावर चौथ्या दिवशी पिशवीत हिरवी बुरशी सापडते. मग नाव नागपुरी संत्र्याचं खराब होतं. कारण साधं आहे. ओढून तोडलेल्या फळाची देठाजवळची साल चिरते आणि त्या फटीतून बुरशी आत जाते. असं एक फळ शेजारची चार फळं नासवतं. म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक कात्री द्यावी. तोडणी दोन कापांत करायची: पहिल्या कापात फळ थोड्या देठासकट फांदीवरून सोडवायचं, दुसऱ्या कापात तो देठ फळालगत साफ करायचा, म्हणजे तो दुसऱ्या फळाला टोचत नाही. देठाची चकती मात्र फळावरच राहू द्यायची. फळ वरून टाकायचं नाही, क्रेटमध्ये ठेवायचं. आणि हे सगळं सकाळी नऊ-साडेनऊनंतर, पानांवरचं दव सुकल्यावर. ओल्या, ताठ सालीतल्या तेलाच्या ग्रंथी बोटांच्या दाबानं फुटतात. ते तेल सालीवर पसरलं की एक-दोन दिवसांत तपकिरी डाग उमटतात. पहाटेच्या धुक्यात संत्री तोडण्याचं चित्र जाहिरातीत सुंदर दिसतं; फळासाठी ती वेळ वाईट.

थोडा हिशेब मांडतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बगीच्यात एकरी साधारण ११० झाडं बसतात. चांगल्या वयाच्या, निरोगी झाडावर ५०० फळं धरू आणि फळ सरासरी १३० ग्रॅमचं. म्हणजे झाडावर ६५ किलो. एका कुटुंबानं पाच किलो तोडली तर एक झाड १३ कुटुंबांना पुरतं. दिवसाला ५० कुटुंबं आली तरी चार झाडं रिकामी होतात. असे बारा दिवस भरले तर ४८ झाडं, अर्ध्या एकरालाही कमी. हा आकडा दोन गोष्टी सांगतो. पाहुण्यांच्या जिवावर पाच एकरांचा बगीचा विकला जाईल, अशी आशा शेतकऱ्याला कुणी लावू नये. आणि अर्ध्या एकरासाठी सबंध बगीच्यात माणसं हिंडू देण्याचीही गरज नाही. रस्त्यालगतच्या दोन ओळी राखायच्या, बाकी बगीच्याला दोरी.

या ओळी राखायच्या कधी, हे फार महत्त्वाचं आहे, आणि नवखे नेमके इथेच अडकतात. आपल्याकडे पुष्कळ बगीचे फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला ठोक विकले जातात. विसार घेतला की फळाचा धनी व्यापारी. मग शेतकऱ्यानं पाहुणे बोलावले तर तो हक्कानं हरकत घेतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. म्हणून सौदा ठरतानाच अमुक दोन ओळी सौद्याबाहेर, असं बोलून आणि लिहून घ्यावं. झाडांना चुन्याचा पट्टा मारून ठेवावा. व्यापाऱ्याची तोड आणि पाहुण्यांचा दिवस एक येऊ देऊ नये, कारण तोडणीच्या दिवशी बगीच्यात मेटॅडोर, क्रेट आणि घाईत असलेली माणसं असतात. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेल्यापासून ठोक भावाची शाश्वती कमी झाली आहे. थेट विकलेल्या अर्ध्या एकराचं मोल म्हणून आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. ते मोल राखायचं तर सौदा स्वच्छ हवा.

पूर्वेकडे गेलं की सगळंच बदलतं. रामटेक-मौद्याकडे शेताचं एकक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, आणि तिच्या कडेचा बांध तो धुरा. धान कापून त्याचे कडपे, म्हणजे कापलेल्या मुठींच्या ओळी, दोन-चार दिवस बांधीतच वाळत ठेवतात, मग भारे बांधतात, त्यांची पुंजणं (गंजी) रचतात आणि सवडीनं चुरतात, म्हणजे मळणी करतात. या कडप्यांवरून एक शाळकरी सहल पळत गेली तर लोंबीतले दाणे झडून चिखलात जातात आणि ते पुन्हा वेचता येत नाहीत. पाहुण्यांनी धुऱ्यावरूनच चालायचं, हा इथला पहिला नियम. कापणीची हौस असेल तर कोपऱ्यातला दहा-बारा हातांचा तुकडा राखावा, विळा मोठ्यांच्याच हाती द्यावा आणि मूठ कशी धरायची हे आधी कोरड्या काडीवर शिकवावं. मूठ धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या वर ठेवायचा, खाली नाही; नवख्याची बोटं तिथेच कापतात. लहान मुलांना भारा बांधायला द्यावा. ते काम अवघड आहे, मजेचं आहे आणि त्यात धार नाही.

इथे एक आग्रह धरतो. आज पुष्कळ धान हार्वेस्टरनं निघतं. पाहुण्यांना दाखवण्यासाठी बैल आणून खोटी चुरणी मांडू नये. हार्वेस्टर चालू असेल तर तोच दाखवावा, तासाला भाडं किती, एकराला वेळ किती, तणसाचं (पेंढ्याचं) काय होतं, बांधी लहान असेल तर यंत्र का वळत नाही, हे सगळं सांगावं. शहरातल्या माणसाला शेतीचं आजचं गणित कळलं तर त्याला भावाच्या बातम्याही कळतील. बैलांबद्दलही तेच. पोळा हा श्रावणाच्या अमावास्येचा, बैलाच्या विश्रांतीचा सण. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू येत नाही. पोळ्याच्या निमित्तानं बंडीची, म्हणजे बैलगाडीची सफर विकणाऱ्यांना हे ठाऊकच नसावं, किंवा ठाऊक असून चालत असावं. दोन्ही वाईट.

कापसाच्या वावरात पाहुणे न्यावेत की नाही, याबद्दल मी बराच सावध आहे. पहिल्या वेच्याचा कापूस सर्वांत चांगला, आणि त्यात मिसळलेला एक रंगीत धागा, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा लांब केस पुढे जिनिंगमध्ये निघत नाही. ओढणीचे दोरे, चिप्सच्या पिशव्या आणि पन्नास माणसं यांना फुटलेल्या बोंडांपासून लांबच ठेवलेलं बरं. वेचणी पाहायची असेल तर दव उडाल्यावर, आठ-दहा जणांच्या गटानं, कडेच्या दोन ओळींत. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. म्हणून वेचणाऱ्या बायाही सूर्य थोडा वर आल्यावरच ओळ धरतात. वेचताना बोंडाची वाळलेली पाती कापसाबरोबर येऊ न देणं, यात त्यांच्या बोटांचं कसब आहे. पाचच मिनिटं स्वतः वेचून पाहावं, बोंडाची टोकं नखाखाली कशी बोचतात ते कळतं. आणि पहिल्या वेच्याआधी वावरात दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात ती शीतादही. ते घरचं पूजन आहे. शेतकऱ्यानं आपणहून बोलावलं तर हात जोडून उभं राहावं. तिकीट लावून त्याचा कार्यक्रम करू नये.

मंडईकडे परत येतो. बाहेरच्याला ती एक जत्रा वाटते: पाळणे, मिठाई, बांगड्यांची दुकानं, दुपारी दंडार किंवा खडी गंमत यांसारखं लोकनाट्य, रात्री नाटक. पण तिची बांधणी पाहा. तारीख गाव ठरवतं. पाहुणे आधी कुणाच्या तरी घरी उतरतात, मग मैदानात येतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. धान हाती आलेलं असतं किंवा येण्याच्या बेतात असतं, म्हणून पैसा गावात फिरतो आणि तो गावातल्या बऱ्याच हातांतून फिरतो. बलिप्रतिपदेचं गायगोधन म्हणजे गाईंची पूजा, गोवारी समाजाचं ढालपूजन, हे सगळं त्याच दिवसांच्या साखळीत ओवलेलं. शेतभेटीनं यातून तीन गोष्टी उचलाव्यात: गावाची स्वतःची तारीख, घराशी जोडलेला पाहुणा, आणि अनेक हातांत जाणारा पैसा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, म्हणून तिच्याबद्दल नेमकं बोलू. समजा भेटीचे माणशी ३०० रुपये घेतले आणि फळांचे वेगळे. हे ३०० सगळे बगीच्याच्या मालकाच्या खिशात गेले तर गावासाठी तो एक श्रीमंत माणसाचा नवा धंदा ठरतो, आणि पुढच्या वर्षी पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, अडवली जाते. माझ्या मते वाटणी आधीच ठरलेली असावी: जेवण रांधणाऱ्या बचतगटाला ताटामागे ठरलेली रक्कम, तोडणी शिकवणाऱ्या मजूर बायांना त्या दिवसाची मजुरीपेक्षा जास्त रोजी, ज्याच्या पडीक वावरात गाड्या लागतात त्याला गाडीमागे पैसे, आणि एक हिस्सा ग्रामपंचायतीला कचऱ्यासाठी. जेवण साधंच असावं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. रोडगे भाजायला वेळ लागतो, म्हणून ताटांचा आकडा आदल्या संध्याकाळी हवा. दुपारी एक वाजता वीस जण वाढले तर कच्चे रोडगे वाढले जातात आणि चूक रांधणाऱ्यांच्या माथी मारली जाते.

धोक्यांबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

संत्र्याच्या बगीच्याचा जुना शत्रू म्हणजे डिंक्या रोग. त्याची बुरशी मातीत आणि साचलेल्या पाण्यात असते आणि चिखल लागलेल्या बुटांबरोबर एका बगीच्यातून दुसऱ्यात जाते. एकाच दिवशी तीन बगीचे दाखवणारी सहल शेतकऱ्यानं नाकारावी. फाटकाशी बुटांचा चिखल खरवडायला ब्रश आणि जंतुनाशकात भिजवलेलं पायपुसणं ठेवावं. पाऊस झाल्यावर वाफसा येईपर्यंत बगीचा बंद. बुंध्यांना लावलेला निळसर पांढरा लेप म्हणजे बोर्डो मलम, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्याला टेकू नये आणि मुलांनी तो बोटांनी खरवडू नये. लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू असतात, त्यांना धक्का लागला की फांदी खांद्यातून फाटते. शेवटची फवारणी कोणत्या तारखेला, कशाची झाली आणि त्यानंतर किती दिवस फळ तोडायचं नाही, हे फाटकावर पाटी लावून लिहिलेलं असावं. तेवढे दिवस उलटले नसतील तर त्या ओळी उघडू नयेत. उलटले असले तरी फळ धुऊनच खावं. झाडाखाली हात-फळं धुवायला नळाची तोटी लावलेली टाकी हवी.

विहीर. आपल्या वावरांतल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. शेतकऱ्याच्या पोरांना ती माहीत असते, शहरातल्या पोराला गवतात दिसत नाही. कठडा किंवा पक्कं कुंपण नसेल तर त्या वावरात पाहुणे नकोत, इथे सवलत नाही. रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) लावलेल्या विजेच्या झटक्याच्या तारा दिवसा बंद केल्या आहेत ना, हे मालकानं स्वतः पाहावं. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप.

पावसाळ्यानंतरचं उंच गवत ही वेगळीच बाब. २०१८ साली नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले होते. गवतातल्या अतिबारीक किड्यांच्या चाव्यातून तो होतो. म्हणून पाहुणे येण्याआधी वाटांवरचं आणि बसायच्या जागेचं गवत काढावं, सतरंजी थेट गवतावर अंथरू नये, पूर्ण बाह्या आणि फुलपँट घालून यायला सांगावं. भेटीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर शेतात जाऊन आल्याचं डॉक्टरांना सांगावं, कारण वेळेवर ओळखला तर त्यावर साधं, स्वस्त औषध आहे. धानाच्या बांध्यांत आणि तणसाच्या ढिगात साप असतात. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि तिथे गाडी किती वेळात पोचते, हे यजमानाला आधीच ठाऊक हवं. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर जायचं तर दम्याच्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना नेऊ नये. देठ खुडताना जो खकाणा उडतो त्यानं निरोगी माणूसही खोकून बेजार होतो. तिथल्या बाया दिवसभर तो सोसतात, हेही पाहुण्यांना दिसू द्यावं.

यावर एक आक्षेप मोलाचा आहे. ज्या विदर्भात शेतकरी कर्जापायी जीव देतो, तिथे शेतीची सहल कशाची काढता? शेतकऱ्याला शहरापुढे नाचवणार का? हा राग मला परका वाटत नाही. पण त्याचं उत्तर शेतं बंद ठेवण्यात नाही. पाहुणा काय पाहतो, यावर सगळं अवलंबून आहे. फेटा बांधून, ढोल वाजवून, पाच मिनिटांत ऊसाचा रस पाजून परत पाठवलेल्या पाहुण्याला शेती सुखाची वाटते, आणि ते खोटं आहे. पण ज्यानं कात्रीनं पाच किलो संत्री तोडली, झाडाखालचा गळीचा सडा पाहिला, गेल्या वर्षीचा ठोक भाव आणि मंडीतला भाव शेजारी शेजारी ऐकला, तो नागपूरच्या कळमना घाऊक बाजारातल्या बातमीकडे वेगळ्या नजरेनं पाहील. यजमान शेतकऱ्यानं खर्चाचा कागद पाहुण्यांना दाखवावा, असं मी म्हणेन. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे: मोठ्या महोत्सवाशिवाय बाहेरचे लोक येणार कसे, त्यांना कळणार कसं? नागपूरचं अर्धं गिऱ्हाईक नागपुरातच आहे, हे आधी मान्य करू. काटोल आणि नरखेड रेल्वेमार्गावर आहेत, रामटेकला गाडी जाते, एसटी सगळीकडे जाते. शहरातल्या किती मुलांनी संत्र्याचं झाड जवळून पाहिलं आहे? बाहेरून येणाऱ्यासाठी तर रामटेकच्या पंचक्रोशीसारखी जागा नाही. नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन, शेजारी मनसरचे उत्खननातले अवशेष, वर रामगिरीची टेकडी, खाली अंबाळा तलाव, आणि सभोवार कापणीला आलेलं धान. कार्तिकी त्रिपुरीला रामटेकवर त्रिपूर उजळतो तेव्हा खालच्या बांध्यांत कडपे वाळत असतात. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ज्या राजधानीतून कारभार पाहत होती, त्या राजधानीचं पोट याच शेतीनं भरलं असणार. हे एका दिवसात, एका बसमधून, थोड्या माणसांना दाखवता येतं. त्यासाठी मंच लागत नाही, गावातला वाट दाखवणारा तरुण लागतो आणि त्याला रोजी लागते.

मग सरकारनं काय करावं? महाराष्ट्रानं २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यात कृषी पर्यटन केंद्रांची नोंदणी होते. चांगलं आहे. पण केंद्र म्हटलं की खोल्या, जेवणघर, बारमाही पाहुणे असं चित्र येतं. वर्षातून दहा दिवस दोन ओळी उघडणाऱ्या शेतकऱ्याचं काय? त्याच्यासाठी गावाच्या नावानं एकच हंगामी नोंदणी असावी, ग्रामसभेच्या ठरावावर मिळणारी. आणि महोत्सवाच्या मांडवावर जाणारा पैसा पांदण रस्त्यांवर जावा. काळ्या मातीत एक सर पडली की पांदणीत ट्रॅक्टरही रुततो. पाहुण्यांची मोटार तर सोडाच. पांदण पक्की झाली तर दहा दिवस पाहुणे येतील आणि उरलेले सगळे दिवस शेतकऱ्याचा माल बाहेर पडेल. दुसरा खर्च शौचालयांचा. वावरात पाहुण्या बायांसाठी सोय नसते हे आपल्याला सहलीच्या दिवशी आठवतं, वेचणीला येणाऱ्या बायांसाठी ती कधीच नव्हती. तीच सोय दोघींना चालेल. तिसरं, अमरावती रस्त्यावरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या मदतीनं दरवर्षी ऑक्टोबरात मजूर बायांसाठी कात्रीच्या तोडणीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण व्हावं. त्या शिकल्या की पाहुण्यांनाही शिकवतील आणि व्यापाऱ्याचा मालही कमी नासेल.

तारखांचं काय करायचं, हेही सांगून टाकतो. ऑक्टोबरअखेर तालुक्यातल्या दहा-बारा गावांनी बसून अंदाजे आठवडे वाटून घ्यावेत. पक्का दिवस प्रत्येक गावानं आठ-दहा दिवस आधी, फळाचा रंग, एका फळाची चव आणि हवामानाचा अंदाज पाहून जाहीर करावा, आणि त्याच्या मागे एक दिवस पावसासाठी मोकळा सोडावा. गटाचा आकडा यजमानानं ठरवावा. पन्नास कुटुंबं झाली की त्या दिवसाची नावनोंदणी बंद, उरलेल्यांना पुढच्या गावाचं नाव सांगायचं. शाळांनी डिसेंबरातल्या सहलींसाठी एकच तारीख न मागता दोन पर्याय द्यावेत, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस पाठवावं.

ताणाची वेळ आली की काटोलच्या बगीच्याचं फाटक लावून घ्यावं आणि त्यावर पाटी लावावी: झाडं ताणावर आहेत, भिवापूरला मिरची लाल झाली आहे, तिकडे जा.